घर विकले तरी कागद विकू नका



पाऊस तोंडावर आला की आपल्या गोंदिया जिल्ह्यात घरोघरी एकच धांदल सुरू होते. कुणी कवेलू फेरतो, कुणी मातीची भिंत पाडून विटांची उभी करतो, कुणी दोन वर्षांची बचत जमवून स्लॅब टाकायला निघतो. काही घरी वेगळेच चाललेले असते. आई-बाबा राहिले नाहीत, एक भाऊ नागपूरला, दुसरा रायपूरला, बहिणी सासरी. गावातले घर कुणी सांभाळायचे? मग ते विकायचे ठरते.

घर सुधारताना काय आणि विकताना काय, एक वस्तू हमखास अडगळीत जाते. ती म्हणजे माळ्यावरची पत्र्याची पेटी. तिच्यात पिवळे पडलेले स्टँप पेपर, कर पावत्या, आजोबांचे एखादे पत्र आणि वाळवीने कुरतडलेले उतारे असतात. "हे सगळे जुने झाले, आता काय कामाचे?" असे म्हणून ती रद्दीत घातली जाते. या आठवड्याच्या सदरात त्या पेटीबद्दलच बोलायचे आहे.

बाबासाहेबांच्या दोन घरांची गोष्ट

परमपूज्य बाबासाहेब आणि माता रमाई यांचा संसार परळच्या चाळीत झाला. पुस्तके ठेवायला जागा पुरेना, तेव्हा बाबासाहेबांनी कर्ज काढून मुंबईत जागा घेतल्या आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बांधकाम केले. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले. मगधाच्या प्राचीन राजधानीचे हे नाव, जिथे बिंबिसार राजाने तथागतांचे स्वागत केले होते. रमाईंना मात्र हे घर फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्याच घरात त्यांचे निधन झाले.

त्याच काळात बाबासाहेबांनी 'चार मिनार' नावाची दुसरी इमारतही बांधली होती. ती त्यांनी १९४१ मध्ये विकली. कशासाठी? कर्ज फेडण्यासाठी आणि पुस्तके घेण्यासाठी. घर विकून पुस्तके घेणारा दुसरा पुढारी शोधून सापडायचा नाही. पण भगिनींनो, ही गोष्ट आपल्याला आज छातीठोकपणे सांगता येते, कारण तिची नोंद राहिली. घर घेतल्याची, बांधल्याची, विकल्याची नोंद राहिली म्हणून बाबासाहेबांच्या त्यागाला पुरावा आहे. नोंद नसती तर ती ऐकीव गोष्ट ठरली असती आणि विरोधकांनी ती हसण्यावारी नेली असती.

आता दुसऱ्या घराचे ऐका. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत २६, अलीपूर रोड येथील बंगल्यात झाले. तो बंगला त्यांच्या मालकीचा नव्हता. माईसाहेब आंबेडकर पुढेही काही वर्षे तेथेच भाड्याने राहत होत्या. पुढे मालकाने बंगला विकला. बाबासाहेबांची कागदपत्रे जपणारे विजय सुरवाडे यांनी नोंदवून ठेवले आहे की, जानेवारी १९६७ मध्ये माईसाहेब बाहेरगावी गेल्या असताना खोल्या रिकाम्या करण्यात आल्या, कागदपत्रे अंगणात टाकण्यात आली आणि पुढे आलेल्या पावसात भिजून त्यातील बरीच नष्ट झाली.

वाचून जीव कळवळतो. ज्या हातांनी राज्यघटना लिहिली, त्या हातांनी लिहिलेले कागद अंगणात भिजले. त्यात काय काय होते, हे आता कुणालाच पुरते सांगता येणार नाही. जे कागद वाचले, त्यांच्यावर १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली 'लेखन आणि भाषणे' हे शासनाचे खंड निघू लागले. अलीपूर रोडच्या त्या जागेवर १३ एप्रिल २०१८ रोजी राष्ट्रीय स्मारकाचे उद्घाटन झाले. जागा परत मिळाली, इमारतही नवी उभी राहिली. भिजलेले कागद मात्र परत आले नाहीत.

आपल्या घरच्या पेटीचेही असेच आहे. भिंत पुन्हा बांधता येते. कागद एकदा गेला की गेला.

आजोबांच्या कागदावरचा शिक्का

तुम्ही म्हणाल, बाबासाहेबांचे कागद वेगळे आणि आमचे वेगळे. आम्ही तांदळाच्या गिरणीत काम करणारे, विड्या वळणारे, तेंदूपत्ता तोडणारे. आमच्या कागदात काय असणार?

पुष्कळ असते. आपल्या मुलामुलींना जातीचा दाखला आणि त्याची वैधता मिळवताना किती खेपा घालाव्या लागतात, ते सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. त्या तारखेला किंवा त्याआधी आपले कुटुंब या राज्याच्या हद्दीत राहत होते, याचा पुरावा पडताळणी समिती मागते. जात कोणती होती, याचाही पुरावा मागते. शाळेचा दाखल-खारीज उतारा असला तर उत्तम. पण ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांनी काय करावे? अशा वेळी कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल, जुना महसुली अभिलेख किंवा जुने विक्रीपत्र कामी येते. जुन्या रजिस्ट्रीत लिहून देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, जात, धंदा आणि राहण्याचे गाव लिहिण्याची पद्धत होती. आजोबांनी १९४५ साली दोन खोल्यांची जागा घेतली असेल, तर तो एकच कागद वंश, जात आणि वास्तव्य या तिन्ही प्रश्नांना उत्तर देऊ शकतो. घर पुढे विकलेले असले तरी त्याची किंमत कमी होत नाही.

काही तरुणांना त्या कागदावरचा जुना शब्द टोचतो. "आम्ही ती जात सोडली, बौद्ध झालो, मग तो कागद कशाला ठेवायचा?" असे ते विचारतात. भावना खरी आहे. पण बौद्ध झालेल्या बांधवांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० मध्ये मिळाल्या, त्या मूळ जातीच्या पुराव्यावरच. जात टाकली म्हणून कागद टाकू नका. आपण कुठून निघालो आणि कुठे पोहोचलो, याची तो साक्ष देतो.

आपल्या जिल्ह्याची आणखी एक अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा भाग मध्यप्रदेश राज्यात होता आणि त्याआधी मध्यप्रांत व वऱ्हाडात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेव्हा नागपूर मध्यप्रदेशच्या राजधानीचे शहर होते. म्हणून आजोबांच्या कागदावर मध्यप्रदेशचा शिक्का दिसला तर घाबरू नये. "आपण परराज्यातले ठरू" अशा भीतीने कुणी तो कागद लपवू नये. पुढे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवर जिल्हा भंडारा असे लिहिलेले असणारच. जुनी नोंद गोंदियात मिळाली नाही, तर भंडाऱ्याच्या अभिलेख कक्षातही चौकशी करावी.

घर सुधारताना

आता चालू घराकडे वळू. घर दुरुस्त करताना आपण मिस्त्री बघतो, रेती-गिट्टीचा भाव विचारतो, मुहूर्ताच्या भानगडीत न पडता काम सुरू करतो. हे सारे चांगले. पण तीन गोष्टी राहून जातात.

पहिली गोष्ट नावाची. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर कोणाच्या नावाने आहे, हे किती भगिनींनी पाहिले आहे? बहुतेक ठिकाणी नवऱ्याचे किंवा मेलेल्या सासऱ्याचे नाव असते. महाराष्ट्र शासनाने २००३ मध्ये घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांचीही नावे लावण्याबाबत ग्रामपंचायतींना कळवले. 'घर दोघांचे' म्हणून ती चळवळ गाजली. तरी अर्ज केल्याशिवाय नाव लागत नाही. रमाई आवास योजनेतून आपल्या अनेक कुटुंबांना घरकुल मिळाले. ज्या माऊलीच्या नावाची ती योजना आहे, तिच्या लेकीसुनांचे नाव घराच्या कागदावर नसावे, हे शोभत नाही. एक ध्यानात ठेवा. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. तुमच्या गावात ती मोजणी होईल तेव्हा घरी हजर राहा आणि नावे नीट लिहून घ्या.

दुसरी गोष्ट परवानगीची. भिंत पुढे सरकवायची किंवा मजला चढवायचा, तर ग्रामपंचायतीची वा नगरपरिषदेची लेखी परवानगी घ्यावी. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड येथील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. राहत्या घराचे संग्रहालय करण्याची परवानगी तेथील नगरपालिकेने नाकारली, प्रकरण अपिलात गेले आणि २०२० मध्ये मंजुरी मिळाली. सरकारच्या घराला परवानगीवाचून अडचण आली, तेथे आपली काय कथा!

तिसरी गोष्ट खर्चाच्या हिशेबाची. समजा, तिरोडा तालुक्यातील एका गावी नवरा गिरणीत हमाली करतो आणि बायको विड्या वळते. सासऱ्याच्या नावाचे मातीचे घर. बायकोने बचत गटातून कर्ज उचलले, पाटल्या मोडल्या आणि घराला स्लॅब पडला. दहा वर्षांनी सासरे वारले. दिरांनी वाटणी मागितली. "आमच्या बाबाचे घर, सर्वांना सारखे," असे ते म्हणाले. कायद्याने त्यांचा वाटा आहेच. पण स्लॅबचा खर्च कोणी केला? सिमेंटची बिले नाहीत, मिस्त्रीची पावती नाही, कर्जाचे पासबुक हरवले. सून रडून सांगते, पण कागदाशिवाय तिचे कोण ऐकणार? एक वीस रुपयांची वही असती, तिच्यात तारीखवार विटा, सळ्या, रेती, मजुरी लिहिलेली असती आणि बिले मागे टाचलेली असती, तर पंचांपुढे आणि वेळ आली तर न्यायालयापुढे तिला उभे राहता आले असते. १ एप्रिल २००१ नंतर केलेल्या वाढीव बांधकामाचा खर्च घर विकताना आयकराच्या हिशेबातही धरला जातो. त्यासाठीही बिलेच लागतात.

घर विकताना

घर विकण्याचा प्रसंग कठीण असतो. आईच्या हाताने सारवलेली ओसरी परक्याच्या ताब्यात जाते. त्या भरात घाई होते आणि घाईत बहिणींचा हक्क जातो.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीच्या वारसाहक्कासाठी झुंज दिली आणि बिल अडवले गेले तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वतः कमावलेल्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि बापाची आई हयात असल्यास ती, या सर्वांचा सारखा वाटा असतो. आई, दोन भाऊ आणि एक बहीण मागे राहिली, तर घराचे चार भाग. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा भाग संपत नाही. वडिलार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला. बाप २००५ मध्ये हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

हे ठाऊक असूनही काही घरी काय होते? "बाई, फक्त एक सही लागते," असे सांगून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. राखी बांधणारी बहीण भावाला नाही म्हणत नाही. तिने खुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण कागद तिला मोठ्याने वाचून दाखवला पाहिजे, किती किमतीचा वाटा ती सोडते हे सांगितले पाहिजे आणि एक प्रत तिच्या हाती दिली पाहिजे. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायचा आणि बहिणीचा वाटा अंधारात लिहून घ्यायचा, या दोन्ही गोष्टी एका घरात बसत नाहीत.

घेणाऱ्यांनीही सावध असावे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीची नोंदणी सक्तीची आहे. स्टँप पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे घर आपले झाले, हा समज अजून खेड्यापाड्यात आहे आणि त्यात कित्येकांची जन्माची कमाई अडकते. इसारचिठ्ठी म्हणजे विक्री नव्हे. विक्रीपत्र दुय्यम निबंधकाकडे चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावे. सर्व वारसांच्या सह्या आहेत का, ते पाहावे. सरकारकडून मिळालेली भोगवटादार वर्ग २ ची जागा असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती घेऊ नये. पैसे ज्याच्या त्याच्या बँक खात्यात जमा व्हावेत, म्हणजे बहिणीचा वाटा तिला पोहोचल्याची नोंद आपोआप राहते.

पेटीत काय ठेवावे

घर राहो वा विकले जावो, पुढील कागद जपून ठेवावेत:

१. जुनी-नवी सर्व विक्रीपत्रे, सूची क्रमांक २ आणि विकलेल्या घराच्या विक्रीपत्राचीही प्रत.

२. नमुना ८, कर पावत्या, शेती असल्यास सातबारा व फेरफार. जुन्यात जुनी पावती आधी जपावी.

३. घरकुलाचे मंजुरीपत्र, बांधकामाची परवानगी, खर्चाची वही, बिले, कर्जाची पासबुके.

४. मृत्यूचे दाखले, वारस नोंद, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र.

५. शाळेचे दाखले, कोतवाल बुकाच्या नकला, धम्मदीक्षेचे प्रमाणपत्र असल्यास तेही.

६. पाडण्याआधी जुन्या घराचा एक फोटो. मागे गाव, साल आणि दारात उभ्या असलेल्यांची नावे पेन्सिलीने लिहावीत.

मूळ कागद दुसऱ्याच्या हाती देऊ नका, नक्कल द्या. लॅमिनेशन करू नका. त्याने जुना कागद बिघडतो आणि मागचा शिक्का तपासायला अडचण होते. स्वच्छ कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, जमिनीपासून उंच ठेवावेत. मोबाईलवर फोटो काढून दोन नातेवाइकांकडे पाठवून ठेवावेत.

कागद हरवला असेल तरी खचून जाऊ नका. नोंदणी झालेल्या विक्रीपत्राची नोंद दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पुस्तकात राहते. गाव, अंदाजे साल आणि पक्षकारांची नावे देऊन, फी भरून शोध घेता येतो आणि प्रमाणित नक्कल मिळते. महसुली नोंदीसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. नमुना ८ चा उतारा लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेल्या मुदतीत मिळायला हवा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

शेवटी महिला मंडळांना एक विनंती आहे. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या कामाला द्या. प्रत्येकीने आपल्या घरची पेटी उघडून काय आहे आणि काय नाही, याची यादी करून आणावी. वाचता येणाऱ्या मुलींनी आजीला तिचे कागद वाचून दाखवावेत. कित्येक आजींना आपल्या नावाने कोणता कागद आहे, हे त्या दिवशी प्रथमच कळेल. जिचे नाव घरावर नाही, तिचा अर्ज तेथेच लिहून काढावा आणि दुसऱ्या दिवशी पाच-सहा जणींनी मिळून तो ग्रामपंचायतीत द्यावा.

जयभीम! नमो बुद्धाय!